इलेव्हन प्लस, शब्दांच्या याद्या आणि आपली मराठी

कॉव्हेंट्रीतल्या आणि आसपासच्या आई-बाबांनो, थोडं मनातलं.

रग्बीच्या ग्रामर स्कूलची परीक्षा जवळ आली की आपल्या फ्रिजवर अवघड इंग्रजी शब्दांच्या याद्या लागतात. माझ्याही लागल्या. लेकीला 'ऑस्ट्रसाइज'चा अर्थ तोंडपाठ, पण वाक्यात वापरता येईना. शेवटी म्हटलं, "अगं, वाळीत टाकणं!" मग गोष्ट सांगितली: धोंडो केशव कर्व्यांनी 1893 मध्ये विधवा गोदूबाईंशी लग्न केलं, म्हणून मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. इंग्रजीतही एखाद्याशी सगळ्यांनी बोलणं टाकलं, की त्याला 'कॉव्हेंट्रीला पाठवलं' म्हणतात. आपल्याच गावाचं नाव! लेक हसली, आणि शब्द डोक्यात बसला तो बसलाच.

इंग्रजी पक्कं व्हावं म्हणून घरातली मराठी बंद करणारे पालक मी पाहते. मला हा हिशोब पटत नाही. शाळेत दिवसभर इंग्रजीच असतं. रुसवा, भीड, कृतज्ञता यांवर मनसोक्त गप्पा मात्र आपणच मारू शकतो, त्याही आपल्या भाषेत. कल्पना पक्की असली की तिचं इंग्रजी नाव लवकर चिकटतं.

इंग्रजी पुस्तकं वाचायलाच हवीत, यादीही राहू द्या. पण रोज त्यातले दोनच शब्द घ्या आणि जेवताना त्यांवर मराठीत बोला. मराठीला मात्र कॉव्हेंट्रीला पाठवू नका!