दिसतें तसें नसतें

“साध्या मजकुरांत खुणांच्या आज्ञा घालीत बसणें हा निवळ उपद्व्याप, पडद्यावर दिसतें तसेंच छापावें, हें सोपें,” असें आमचे कित्येक विद्वान् मित्र म्हणतात. सोपें खरें, पण किती दिवस? पंचवीस वर्षांपूर्वीं असल्याच एका सोयीच्या आज्ञावलींत आम्हीं एक दीर्घ निबंध लिहिला. तिचा टंक कालबाह्य झाला, आणि आज त्या फाइलींत मराठीऐवजीं रोमन चिन्हांची खिचडी दिसते!

संगणकशास्त्रावरील स्वतःच्या ग्रंथाचीं कुरूप मुद्रितें पाहून उद्विग्न झालेल्या डोनाल्ड कनूथ ह्यांनीं १९७७ सालीं ‘टेक’ रचावयास घेतलें. लेस्ली लॅम्पोर्ट ह्यांनीं त्यावर ‘लाटेक’ उभारलें. पुढें व्याख्यानाच्या स्लाइडांसाठीं ‘बीमर’ आलें. ह्यांतलें मूळ लेखन साध्या अक्षरांचें. आज देवनागरीही युनिकोडांत सरळ लिहितां येते, व ती फाइल कोणत्याही यंत्रावर वाचतां येते. प्रकरणांचा क्रम बदला. अनुक्रमणिका, क्रमांक व संदर्भ हें सारें यंत्रच सुधारतें. प्रथम शिकतांना डोकें दुखतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. एक महिरपी कंस विसरला कीं सारें काम अडतें. परंतु स्लाइडवर अक्षरें उडविण्यांत रात्र घालविणाऱ्यांनीं आम्हांस श्रमांच्या गोष्टी सांगाव्या काय?