आवडीची वर्गवारी आणि सांगलीचा खेळ

कागद, पेन्सिल, फासे आणि चारसहा माणसे एवढ्या सामग्रीवर चालणाऱ्या भूमिकाखेळांची उपपत्ती मांडणाऱ्यांनी गेल्या चार दशकांत एक उद्योग मोठ्या निष्ठेने चालविला आहे : खेळाडूंच्या आवडींची वर्गवारी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली प्रसिद्ध झाला. ग्लेन ब्लॅकोने १९८० मध्ये खेळण्याचे चार प्रकार सांगितले. २००१ मध्ये रॉन एडवर्ड्झने स्पर्धा, कथा आणि अनुकृती अशी त्रिपुटी मांडली. २००२ मध्ये रॉबिन लॉझने खेळाडूंचे नमुने पाडून खेळ चालविणाऱ्याच्या हाती दिले. आपली वर्गवारी माणसांची नसून खेळण्यामागील हेतूंची आहे, असे एडवर्ड्झ बजावतो खरा. पण व्यवहारात ती माणसांच्या कपाळी चिकटलीच. या साऱ्यांतून निघालेला निष्कर्ष असा, की आवड आधी असते, नियम तिच्या मापाने बेतावे, आणि जो नियमव्यूह सर्व आवडींना जागा देऊ पाहतो तो विसंगत होऊन कोणाचेच समाधान करीत नाही.

मराठी समीक्षेला याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य आहे, कारण अभिरुची ही नियमाच्या आधी सिद्ध असते, या गृहीतकावरच मराठी नाट्येतिहासाचे पहिले प्रकरण लिहिले गेले आहे, आणि ते चुकीचे लिहिले गेले आहे.

कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी तशा प्रकारचे, पण अधिक नेटके काही रचण्याची आज्ञा विष्णुदास भावे यांना केली, आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ झाले. त्याला तेव्हा ‘खेळ’ म्हणत, हे विसरता कामा नये. त्या खेळाचे नियम असे : सूत्रधार आणि त्याचे साथीदार अखेरपर्यंत रंगस्थळी उभे राहत. कथेचा प्रत्येक टप्पा सूत्रधाराच्या पद्यातून ठरे; कोण आले, काय घडले, पुढे काय घडावयाचे, यांवर पात्रांचा अधिकार नसे. परंतु पद्य संपले की भाषण पात्राचे. ते लिहिलेले नसे. रामाने किती बोलावे, रावणाने किती गर्जावे, हे त्या रात्री, त्या प्रेक्षकांपुढे, त्या नटाने ठरवावयाचे. मेजाभोवतीच्या खेळात जो प्रसंग उभा करतो आणि जो त्याला प्रत्युत्तर देतो, त्यांच्यात होणारी अधिकारांची वाटणी याहून फारशी वेगळी नाही.

आता एडवर्ड्झच्या विसंगतीच्या आरोपाकडे पाहावे. भाव्यांच्या खेळात वनचरवेषात येणारा विदूषक सूत्रधाराची थट्टा करी. गणपती आणि सरस्वती यांच्या दर्शनाने भाविकांचे हात जोडले जात. राक्षस आरोळ्या ठोकीत तलवारी परजीत. स्त्रीवेषातला मुलगा करुणरस ओतीत असे. स्पर्धा, कथा आणि अनुकृती एकाच रात्री एकाच आवारात नांदत होत्या, आणि खेळ मोडत नव्हता. तो का मोडला नाही? नियमाने माणसांच्या स्वभावांची मोजदाद केली नव्हती; भूमिकांना अधिकार वाटून दिले होते. सूत्रधाराला अडवण्याची मुभा विदूषकाला, गोंगाटाची राक्षसाला. ज्याच्या अंगावर राक्षसाचा वेष चढे त्याला आरोळीची आवड उत्पन्न होई. ती घरून आणावी लागत नसे.

या खेळाला पुढील पिढीने ‘अललडुर्र’ आणि ‘तागडथोम’ अशी नावे ठेवली. विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ मध्ये आले, ‘बुकिश’ नाटकांची प्रतिष्ठा वाढली, १८८० मध्ये किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ अवतरले, आणि प्रेक्षकांची अभिरुची सुधारली असा निर्वाळा देण्यात आला. वस्तुतः बदलला तो नियम. भाषण रचण्याचा नटाचा हक्क नाटककाराकडे गेला, आणि थांबविण्याचा हक्क प्रेक्षकांकडे आला. ‘वन्समोअर’ची आरोळी उठताच शकुंतलेची व्यथा जागच्या जागी खोळंबे आणि पद पुन्हा म्हटले जाई. संगीताची हावरी आवड मराठी माणसाच्या रक्तात होती, असे सांगणाऱ्यांनी हा परवाना तिला कोणी दिला याचाही विचार करावा. भाव्यांचे ‘नाट्यकवितासंग्रह’ १८८५ साली छापले गेले तेव्हा त्यात पद्य आले. भाषणे येणे शक्यच नव्हते. त्या पुस्तकाला नाटकाची संहिता समजून ‘वाङ्मयगुण बेताचे’ असा शेरा मारणे म्हणजे सोंगट्यांच्या पटावरच्या घरांत कथानक शोधण्यासारखे आहे.

नियम आवड घडवितो, एवढे सिद्ध केल्याने प्रश्न मिटत नाही. तो तमाशाच्या फडात अधिक बोचरा होतो. सातारा-सांगलीच्या यात्रांतून गण, गवळण, बतावणी आणि वग या क्रमाने उभा राहणारा खेळही अशाच वाटणीवर चालत आला : वगाचा सांगाडा ठरलेला, संवाद पुष्कळसा हजरजबाबी, सरदाराने कथा धरून ठेवायची आणि सोंगाड्याने ती सोडवायची. कवलापूरच्या काळू-बाळू यांच्या जोडीने हा अधिकार कोणत्या टोकापर्यंत ताणता येतो ते दाखविले. पण येथे भूमिका कोण वाटतो? भाव्यांच्या मंडळीत ब्राह्मण मुले होती. फडात महार, मांग, कोल्हाटी. कोल्हाट्याच्या मुलीच्या वाट्याला आलेल्या नाचाला ‘आवड’ म्हणणे हा निव्वळ अप्रामाणिकपणा होय. रेठरे हरणाक्षचे, म्हणजे त्या काळच्या सातारा जिल्ह्यातले, श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे पठ्ठे बापूराव झाले, आणि महार समाजातील पवळा त्यांच्या फडात नाचली. बापूरावांच्या बाबतीत आवड हा शब्द वापरता येतो. वतन आणि जात सोडण्याची किंमत त्यांनी दिली, आणि ती देण्याइतके त्यांच्यापाशी काही होते. पवळेला तोच शब्द लावताना लेखणी अडखळली पाहिजे. एकाच फडात, एकाच नियमाखाली उभ्या असलेल्या या दोघांना आवडीच्या कोणत्याही तक्त्यात शेजारी बसविता येईल; त्यांच्यातला भेद मात्र त्या तक्त्यात कोठेच उमटणार नाही.

म्हणून परदेशी वर्गवारी मराठीत आणून वग, दशावतार, सोंगी भजन यांना तिची लेबले लावण्याचा मोह आवरावा. वगावर लिहू पाहणाऱ्या समीक्षकाला त्याआधी बरेच काम आहे : कोण कोणाला कोठे अडवू शकतो, अडविल्यावर कथा कोणी सावरायची, बिदागी कोणाच्या हातात पडते, आणि जी स्त्री नाचते तिला वगात बोलण्याची पाळी कधी येते.