संगणकाचे अनुमान आणि वैद्याचे प्रत्यक्ष

काही महिन्यांपूर्वी एक स्नेही माझ्या चिकित्सालयात आले. त्यांची लहानशी फार्मसी आहे; वडिलांच्या काळापासून चालत आलेली आणि नेकीने चालविलेली. हरिद्राप्रधान वटीच्या नव्या माहितीपत्रकाचा कच्चा नमुना त्यांनी सोबत आणला होता. मुखपृष्ठावर एका प्रथिनाचे रंगीत चित्र, त्या प्रथिनाच्या खोबणीत बसलेला कर्क्युमिनचा रेणू आणि खाली एक कोष्टक. कोष्टकात 'बंधऊर्जा' आणि 'जैवउपलब्धता गुणांक ०.५५' अशा दोन नोंदी होत्या. "वैद्यराज, पंचावन्न टक्के औषध रक्तात उतरते, हे आता संगणकानेच सिद्ध केले आहे. ठळक अक्षरांत छापू ना?" असे त्यांनी मोठ्या उत्साहाने विचारले.

मी त्यांना छापू नका असे सांगितले. त्यामागची कारणे सविस्तर मांडावीत, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कारण हा ०.५५ चा आकडा केवळ एका माहितीपत्रकापुरता उरलेला नाही. आपल्या वनौषधींवरील अलीकडच्या अनेक शोधनिबंधांत, पदव्युत्तर प्रबंधांत आणि परिषदांतील भित्तिपत्रकांत तो जागोजागी आढळतो. मात्र तो आकडा कोणी दिला, कशासाठी दिला आणि त्याचा नेमका अर्थ काय, याची विचारपूस फारशी कोणी करीत नाही.

हा गुणांक इव्हॉन कॉनॉली मार्टिन या अमेरिकन विदुषीने मांडला. मिनेसोटा राज्यातील कार्लटन महाविद्यालयाची पदवी घेऊन १९५८ साली त्या शिकागोनजीकच्या अ‍ॅबॉट या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत रुजू झाल्या. त्या काळी औषधसंशोधनाच्या प्रयोगशाळांत स्त्रिया मोजक्याच असत. नोकरी लागल्यानंतर त्यांनी पुढील शिक्षणाची वाट धरली, १९६४ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि पुन्हा अ‍ॅबॉटमध्येच येऊन चार दशकांहून अधिक काळ काम केले. त्यांची कारकीर्द सुरू झाली तेव्हा संगणक म्हणजे खोली व्यापणारे यंत्र आणि छिद्रे पाडलेल्या पत्रांचे गठ्ठे होते. औषधाची रचना गणिताने ठरविता येईल, ही कल्पनाच त्या वेळी नवी होती.

ती कल्पना कॅलिफोर्नियातील पोमोना महाविद्यालयाचे कॉर्विन हान्श आणि जपानी शास्त्रज्ञ तोशिओ फुजिता यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत पद्धतशीरपणे मांडली होती. एखादा रेणू तेलसदृश द्रवात किती उतरतो आणि पाण्यात किती उतरतो, हे गुणोत्तर मोजावयाचे. रेणूवरील विद्युत्प्रभार आणि त्याचा आकार विचारात घ्यावयाचा. आणि या साऱ्यांचा कार्मुकत्वाशी असलेला संबंध समीकरणात बसवावयाचा. स्नेहात काय उतरते आणि जलात काय उतरते, हा प्रश्न स्नेहकल्पना आणि क्वाथकल्पना शिकलेल्या वैद्यास परका वाटू नये. ही पद्धती प्रत्यक्ष औषध कंपनीत रुजविणाऱ्या पहिल्या पिढीतील संशोधकांत मार्टिनबाईंची गणना होते. १९७८ साली त्यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला. त्याच्या उपशीर्षकात त्यांनी 'चिकित्सक परिचय' अशा अर्थाचे शब्द योजले. बत्तीस वर्षांनी, २०१० मध्ये, त्याची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हाही ते शब्द कायम होते.

पुढे त्रिमितीय रचनेवर आधारित शोधाची साधने आली. १९८९ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी 'अलादीन' ही संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. अपेक्षित आकाराचे रेणू मोठ्या संग्रहातून हुडकून काढणे, हे तिचे काम. १९९३ मध्ये 'डिस्को' ही दुसरी प्रणाली आली. एकाच ग्राहीवर कार्य करणाऱ्या भिन्न रेणूंमध्ये समान असे काय आहे, हे ती शोधीत असे. एवढे कर्तृत्व असलेल्या व्यक्तीने संगणकाचा जयघोष केला असता, तरी कोणी बोल लावला नसता. मार्टिनबाईंनी मात्र स्वतःच्या क्षेत्रातील एका मूलभूत गृहीतकाचीच परीक्षा घेतली.

ते गृहीतक असे की, सारख्या रचनेचे रेणू सारखेच कार्य करतात. २००२ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांसह अ‍ॅबॉटमधील ११५ चाचणीमालिकांची माहिती तपासली. संगणकाच्या मापाने एखाद्या सक्रिय रेणूशी ०.८५ किंवा त्याहून अधिक साम्य असलेला रेणू स्वतः सक्रिय ठरण्याची शक्यता केवळ ३० टक्के आढळली. वाटेल ते रेणू उचलून तपासण्यापेक्षा ही निवड कितीतरी फायद्याची, म्हणून पद्धत टाकाऊ ठरत नाही. परंतु साम्य दिसले म्हणजे कार्य सिद्ध झाले, हा भ्रम मात्र टिकत नाही. ज्या साधनावर आपली कारकीर्द उभी आहे, त्याच्या मर्यादा मोजून जाहीरपणे मांडण्यासाठी मोठे धैर्य लागते.

आता ०.५५ कडे वळू. २००५ साली मार्टिनबाईंनी जैवउपलब्धतेचा गुणांक प्रसिद्ध केला. रेणू विकत घेण्यापूर्वी, बनविण्यापूर्वी किंवा त्याच्या पुढील चाचण्यांवर खर्च करण्यापूर्वी संशोधकास काही अंदाज यावा, एवढाच त्याचा हेतू होता. त्यांना असे दिसले की, ऋणभारित रेणूंचा हिशेब निराळा करावा लागतो. उरलेल्यांपैकी जे रेणू लिपिन्स्की यांच्या 'पाचाच्या नियमात' बसतात, त्यांतील ५५ टक्के रेणूंची तोंडावाटे जैवउपलब्धता उंदरांत १० टक्क्यांहून अधिक आढळली. जे त्या नियमात बसत नाहीत, त्यांच्यात हे प्रमाण १७ टक्के होते. म्हणजे ०.५५ चा अर्थ 'पंचावन्न टक्के औषध रक्तात उतरते' असा मुळीच नाही. 'अशा वर्गातील शंभर रेणूंपैकी सुमारे पंचावन्न रेणू उंदरांत दहा टक्क्यांची पायरी ओलांडतात' एवढाच तो आहे. हा गुणांक एका द्रव्याचा नसून संपूर्ण वर्गाचा आहे. त्या वर्गात बसणाऱ्या प्रत्येक रेणूला, तो हरिद्रेतील असो वा कारखान्यात घडविलेला, हाच आकडा मिळतो. स्विस संशोधकांनी २०१७ मध्ये सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिलेल्या 'स्विसएडीएमई' या साधनात हा गुणांक समाविष्ट झाला आणि तेथून तो आपल्याकडील कोष्टकांत पोहोचला. आकडा आला, त्याच्या सोबतची मर्यादा मात्र वाटेतच गळून पडली.

कर्क्युमिनचेच पाहू. हा रेणू पाचाच्या नियमात बसतो, म्हणून त्यास ०.५५ मिळतात. प्रत्यक्षात काय घडते? बंगळुरू येथील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी व्यक्तींना दोन ग्रॅम कर्क्युमिन एकटे दिले, तेव्हा रक्तातील त्याची मात्रा नगण्य किंवा न मोजण्याइतकी होती. त्याबरोबर वीस मिलिग्रॅम पिपरीन दिल्यावर जैवउपलब्धता २००० टक्क्यांनी वाढल्याचे त्यांनी नोंदविले. मरिच आणि पिप्पली यांची योजना करणाऱ्या आपल्या परंपरेस ही गोष्ट अभिमानाची वाटेल. पण त्यातील मर्म निराळे आहे. एकट्या रेणूचा हिशेब मांडणाऱ्या कोष्टकात अनुपानाला, संस्काराला आणि संयोगाला रकानाच नाही. दुसरीकडे, कॅथरीन नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये घेतलेल्या विस्तृत आढाव्यात, कर्क्युमिन अनेक प्रयोगशालेय चाचण्यांत फसवी सकारात्मक उत्तरे देते आणि शरीरात अस्थिर असते, हेही स्पष्टपणे सांगितले आहे. आपल्याला सोयीचे तेवढे घ्यावे आणि गैरसोयीचे सोडावे, ही शास्त्राची रीत नव्हे.

बंधऊर्जेच्या आकड्याचीही तीच कथा. डॉकिंगमध्ये संगणक रेणूला प्रथिनाच्या खोबणीत निरनिराळ्या प्रकारे बसवून पाहतो आणि प्रत्येक बैठकीस गुण देतो. शरीराच्या तापमानास सुमारे १.४ किलोकॅलरींचा फरक म्हणजे बंधाच्या बळात दहापट फरक होय. या गणितात दोन किलोकॅलरींच्या आसपासची चूक असामान्य नाही. म्हणजे निष्कर्ष पंचवीस पटींनी चुकू शकतो. शिवाय तो रेणू आमाशयातून, यकृतातून सुखरूप त्या प्रथिनापर्यंत पोहोचतो की नाही, हे डॉकिंग सांगत नाही. २०२० साली कोविडच्या साथीत अश्वगंधा, गुडूची, तुळस यांतील घटकांवर डॉकिंगच्या निबंधांचा पूर आला होता. त्यांतील अनेकांचा प्रवास चित्रापाशीच थांबला, हे आपण आता शांतपणे मान्य करावयास हवे.

मग संगणकास दूर सारावे काय? माझे मत तसे नाही. चरकाचार्यांनी परीक्षेची चार साधने सांगितली आहेत : आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. संगणकाचे उत्तर हे अनुमान आहे. अनुमानास आपल्या शास्त्रात मानाचे स्थान आहे. परंतु ते प्रत्यक्षावर आधारलेले असावे लागते. धूर पूर्वी अग्नीसह पाहिलेला असतो, म्हणूनच तो दिसल्यावर अग्नीचे अनुमान करता येते. मार्टिनबाईंच्या कारकिर्दीचे सार मला यातच दिसते. त्यांनी अनुमानाची साधने घडविली आणि तीच साधने पुनःपुन्हा प्रत्यक्षाच्या कसोटीवर घासून पाहिली. आपण साधने उसनी घेतली आणि कसोटी तेवढी मागे ठेवली.

या साधनांचा योग्य उपयोग आपल्याकडे निश्चित आहे. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१८ मध्ये 'इम्पॅट' हा संग्रह प्रसिद्ध केला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत १,७४२ भारतीय औषधी वनस्पती आणि ९,५९६ वनस्पतिज रसायने नोंदविलेली होती. अशा संग्रहातून प्रयोगासाठी द्रव्ये निवडता येतील. कोणत्या घटकाचा आधुनिक औषधांशी संघर्ष होण्याचा संभव आहे, याची आगाऊ सूचना मिळू शकेल. पिपरीन शरीरातील औषधविघटनाच्या यंत्रणेस अडथळा करते, हे ज्ञात आहे. रक्त पातळ करणारे किंवा अपस्माराचे औषध घेणाऱ्या रुग्णास पिपरीनयुक्त कल्प देताना वैद्याने म्हणूनच सावध असावे. माझ्या मते संगणकाचा खरा उपयोग जाहिरातीसाठी नसून अशा सावधगिरीसाठी आहे.

काही प्रश्नांस मात्र संगणकाकडे उत्तरच नसते. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की, रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीची ओळख आणि तिचे घटक तपासलेलेच नाहीत, ती दुसरी एखादी जातीही असू शकेल. वादाचा निकाल काहीही असो, प्रश्न द्रव्याच्या ओळखीपाशी येऊन अडला. बाजारातून आलेल्या गोणीत नेमकी कोणती वेल आहे, हे कोणतेही डॉकिंग सांगू शकत नाही. ते फार्मसीच्या दारातच, जाणत्या डोळ्यांनी आणि साध्या वनस्पतिशास्त्रीय व रासायनिक परीक्षांनी ठरवावे लागते.

तेव्हा फार्मसीचालक बंधूंना माझी नम्र सूचना अशी की, संगणकीय चित्र आणि गुणांक माहितीपत्रकावर 'सिद्ध' या शब्दासह छापू नयेत. शास्त्रीय निबंधाचा उल्लेख करावयाचाच असेल, तर तो अनुमानाचा आहे, प्राण्यांवरील आहे की रुग्णांवरील, हे स्वच्छ लिहावे. महाविद्यालयांतील मार्गदर्शकांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांस डॉकिंगचा विषय देताना त्यासोबत निदान एक प्रत्यक्ष चाचणी बंधनकारक करावी आणि नकारात्मक निष्कर्षही आदराने स्वीकारावा.

आज आपल्या वर्गांत मुलींची संख्या मोठी आहे. त्यांतील अनेकींना संशोधनाची ओढ असते. पण पदवीनंतर संसार आणि चिकित्सालय यांत ती विरून जाते. पदवीनंतर नोकरी, नोकरीनंतर पुन्हा शिक्षण आणि मग एकाच विषयावर दीर्घ निष्ठा, असाही एक मार्ग असतो, हे मार्टिनबाईंच्या उदाहरणावरून दिसते. मोठ्या फार्मसींनी आपल्या गुणनियंत्रण विभागात अशा एक-दोन पदवीधर भगिनींस संशोधनाचे काम देऊन त्यांच्या पुढील शिक्षणाचा भार उचलला, तर तो खर्च जाहिरातीच्या खर्चाहून अधिक फलदायी ठरेल.

माझ्या स्नेह्यांनी माहितीपत्रकातून ते कोष्टक काढले. त्या जागी हरिद्रा कोठून घेतली, तिची परीक्षा कशी केली आणि वटी कोणत्या अनुपानाबरोबर घ्यावी, एवढे छापले. चित्र गेल्याची त्यांना थोडी हळहळ वाटली, हे खरे. पण कोणा रुग्णाने किंवा वैद्याने विचारल्यास त्या पत्रकातील प्रत्येक वाक्याचे उत्तर आता त्यांच्यापाशी आहे.