पी.टी.चा तास कुणी खाल्ला?



या पानावर नेहमी लागणीच्या तारखा, खताच्या मात्रा आणि उताऱ्याचे बोलणे असते. आज थोडे पोरांविषयी लिहितो. आपल्या कार्यक्षेत्रातल्या माध्यमिक शाळांत आठवी-नववी-दहावीच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास छापलेला असतो. तो तास खरोखर मैदानावर होतो का, हे आपल्यापैकी कितीजणांनी घरी विचारले आहे? विचारून पाहा. पोरगे हसेल आणि सांगेल, “गणिताचे सर घेतात तो तास.” दहावीला तर दिवाळीनंतर मैदान बंदच. या विषयाला गुण नसून श्रेणी असते, आणि श्रेणी काय, मैदानावर पाऊल न टाकताही मिळते, असा अनुभव आहे.

दोष एकट्या शाळेचा नाही. आपणच हेडमास्तरांना जाऊन सांगतो, “खेळाचं राहू द्या, टक्क्याचं बघा.” आणि वर म्हणतो, आमचं पोर शेतात राबतं, त्याला निराळा व्यायाम कशाला? आता खरे बोलायचे तर किती पोरे राबतात? वस्तीवरून शाळेपर्यंतसुद्धा मोटारसायकल लागते. आणि जी राबतात त्यांचेही, मोळी उचलणे, वाकून भांगलणे याने शरीर एकाच अंगाने झिजते. दम वाढणे, सांधे मोकळे होणे, तोल साधणे यांसाठी धावणे, उड्या, आसने, कवायत लागतेच. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल सांगते. हाडे भरण्याचे वयही हेच. बाळभरणी चुकलेल्या उसाला मोठ्या भरणीच्या वेळी कितीही पोती ओतली तरी फुटवा परत मिळत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावे!

याचा परिणाम पहाटे साडेपाचला रस्त्यावर दिसतो. बारावी झाली, नोकरी नाही, की पोरे पोलीस भरतीच्या मागे लागतात. शारीरिक चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणे, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. शाळेत पाच वर्षे ज्याने कधी घाम काढला नाही तो चार महिन्यांत हे साधायला बघतो. नडगी दुखते, गुडघा धरतो, तरी पळतो. आणि पळतो कुठे? तर ऐन गळीत हंगामात, अंधारात, उसाच्या डबल ट्रॉल्या ज्या रस्त्याने येतात त्याच डांबरावर! मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर नसतो, टेप मोठ्याने चालू असतो. ही पोरे आपलीच आणि तो ट्रॅक्टरही आपलाच.

मुलींचे तर बोलायलाच नको. आठवीपर्यंत खो-खोत पुढे असलेली मुलगी नववीत बाकावर बसते. कपडे बदलायला आडोसा नाही, स्वच्छतागृहाला पाणी नाही, आणि “आता मोठी झालीस” हे घरचे वाक्य. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताचे पुरुष व महिला दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. पाणी कमी असलेल्या मुलखातली पोरगी ती. आपल्याकडे बारमाही पाणी आहे.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले, त्याचा अभिमान आपण प्रत्येक भाषणात सांगतो. पण पदकासाठी हा खटाटोप नाही. शंभरातली नव्व्याण्णव पोरे पदक आणणार नाहीत. त्यांना चाळिशीत कंबर आणि साखर यांनी गाठू नये, एवढेच मागणे आहे. (आपण साखरवाल्यांनी हे बोलावे, ही गंमत आहे खरी.)

जागेचे कारण कुणी सांगू नये. कबड्डीचे मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे सव्वा गुंठा. खो-खोचे २७ बाय १६, म्हणजे सव्वाचार गुंठे. चार पट्ट्यांची दोनशे मीटरची धावपट्टी एकरात बसते. तिच्या आठ फेऱ्या मारल्या की भरतीचे सोळाशे मीटर झाले. बहुतेक शाळांकडे एवढी जागा आहे, पण तिथे हंगामात ट्रॉल्या उभ्या असतात. ओल्या मातीत उठलेली चाकोरी उन्हाळ्यात दगडासारखी वाळते आणि त्यात पोराचा घोटा मुरगळतो.

म्हणून येत्या वार्षिक सभेत आयत्या वेळच्या विषयांत मी तीन गोष्टी मांडणार आहे. हंगाम बंद झाल्यावर कारखान्याचा रोलर व पाण्याचा टँकर प्रत्येक माध्यमिक शाळेला दोन दिवस द्यावा. शाळेच्या मैदानात ट्रॉली लावणाऱ्या वाहतूकदाराला शेतकी खात्याने समज द्यावी. आणि ज्या शाळांना कारखाना देणगी देतो, त्यांच्याकडून पी.टी.चे तास प्रत्यक्ष किती झाले याचा तक्ता दर सहामाहीला मागवून याच पत्रिकेत छापावा. अनुमोदक हवा आहे. गटातल्या सभासदांनी सभेआधी शेतकी गट कार्यालयात नाव कळवावे.