मस्टर सर्व्हरमध्ये गेले, पहारा कोणाचा?

मस्टर कागदाचे होते तेव्हा त्यातली लबाडी डोळ्यांना दिसत असे. हजेरीच्या जागी खाडा मांडायचा तर टाइमकीपरला आधीची नोंद खोडावी लागे. खोडले की कागद खरवडला जाई, शाई वेगळी पडे, आणि खाडाखोडीशेजारी सही नसली तर लेबर इन्स्पेक्टरही तेथेच बोट ठेवी. ओव्हरटाइमच्या कित्येक तक्रारी आपण अशा एखाद्या खरवडलेल्या चौकोनाच्या बळावर लढलो आहोत. आज ते मस्टर सर्व्हरमध्ये गेले आहे. गेटवर बोट टेकवले किंवा चेहरा दाखवला की नोंद थेट तेथे पडते. सर्व्हरमधली नोंद बदलली तर मात्र काहीही खरवडले जात नाही. आठाचे सहा होतात, आणि जणू पहिल्यापासून सहाच होते असे दिसतात.

एका कारखान्यातील सभासदांनी आमच्याकडे नेमकी हीच तक्रार आणली. महिनाभर मोबाइलवर दिसत असलेले ओव्हरटाइमचे तास पगारपत्रकात कमी भरले. व्यवस्थापनाचे उत्तर एका ओळीचे होते : सिस्टीममध्ये आहे तेच खरे. मग ती नोंद कोणी, केव्हा बदलली याचा तपशील आम्ही मागितला, तेव्हा तसा तपशील ठेवला जात नाही असे सांगण्यात आले. एवढ्यावर वाद मिटला, असे व्यवस्थापनाला वाटले. आमच्या मते खरा वाद तेथूनच सुरू होतो. कारण हा तपशील ठेवता येतो, क्षणाक्षणाला ठेवता येतो, आणि त्यासाठी लागणारी मूळ साधने सर्व्हरबरोबरच आलेली असतात.

ही साधने काय आहेत हे कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. नाहीतर वाटाघाटीच्या टेबलावर संगणक विभागाचा साहेब चार इंग्रजी शब्द फेकतो आणि आपले प्रतिनिधी गप्प बसतात.

१९९२ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात जीन किम आणि यूजीन स्पॅफर्ड यांनी ट्रिपवायर नावाची प्रणाली तयार केली. प्रत्येक फाइलवर एक गणित करून तिचा ठसा काढायचा. संगणकवाले त्याला हॅश म्हणतात. फाइलमधले एक अक्षर जरी बदलले तरी ठसा बदलतो. ठरावीक वेळाने पुन्हा ठसे काढून जुन्याशी ताडून पाहायचे. रात्रपाळीचा वॉचमन तासातासाला फेरी मारतो, तसाच हा प्रकार. फेरीच्या वेळी कुलूप तुटलेले दिसले तर कळते. दोन फेऱ्यांच्या मध्ये कोणी आत जाऊन आले आणि कुलूप पुन्हा लावून ठेवले तर कळत नाही.

ही उणीव प्रत्यक्ष वेळेतल्या पहाऱ्याने भरून निघते. २००५ साली लिनक्सच्या २.६.१३ या आवृत्तीत आयनोटिफाय नावाची सोय आली. फाइल नव्याने झाली, तीत लिहिले गेले, तिचे नाव बदलले किंवा ती पुसली गेली, की संगणकाचा गाभाच त्या क्षणी वर्दी देतो. विंडोजमध्येही अशी सोय आहे. म्हणजे फेरी मारणाऱ्या वॉचमनऐवजी दारातच माणूस बसवल्यासारखे झाले.

पण या दारावरच्या माणसाच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. तो ‘काय झाले’ ते सांगतो. ‘कोणी केले’ ते सांगत नाही. एका फोल्डरवर बसवला तर त्याच्या आतल्या फोल्डरांकडे आपण होऊन पाहत नाही. तेथे वेगळा बसवावा लागतो. एकाच वेळी फार गर्दी झाली तर काही वर्द्या गळतात. ‘कोणी’ हे हवे असेल तर लिनक्सची ऑडिट यंत्रणा चालू करावी लागते. एखाद्याने आपल्या नावाने आत शिरून पुढे सर्वाधिकारी खाते घेतले तरी मूळ कोण आत आले होते हे ती ध्यानात ठेवते. शिवाय आजचे मस्टर बहुधा डेटाबेसमध्ये असते. तेथे फाइलवरचा पहारा फक्त ‘वहीत काहीतरी लिहिले गेले’ एवढेच सांगेल. कोणत्या कामगाराची कोणती ओळ बदलली हे कळायला डेटाबेसची स्वतःची बदल-नोंद चालू असावी लागते. तेव्हा ‘आम्ही मॉनिटरिंग बसवले आहे’ या उत्तरावर समाधान मानू नये. कशावर बसवले, त्याची नोंद कोठे साठते आणि ती पुसण्याचा अधिकार कोणाला आहे, हे तीन प्रश्न लगोलग विचारावेत. ज्याच्यावर लक्ष ठेवायचे त्याच्याच यंत्रावर, त्याच्याच हाताखाली नोंद राहिली तर चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यासारखे होते. वर्दी मिळताच ती दुसऱ्या, वेगळ्या अधिकाराखालच्या यंत्रावर गेली पाहिजे.

हे भय हवेतले नाही. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून आपल्या शाखांमध्ये होरायझन नावाची संगणकप्रणाली आणली. ती फुजित्सू या कंपनीची होती. शाखांच्या हिशोबात तूट दिसू लागली आणि तिचे खापर शाखा चालवणाऱ्या सबपोस्टमास्तरांवर फुटले. पुढच्या सुमारे सोळा वर्षांत नऊशेहून अधिक जण चोरी, अफरातफर, खोटे हिशोब अशा आरोपांखाली दोषी ठरले. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांनी पदरचे पैसे भरून नसलेली तूट भरून काढली. शाखेचा हिशोब दुसरे कोणी दुरून बदलू शकत नाही, असे पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षे सांगत राहिले. ५५५ जणांनी मिळून दावा लावला, तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रणालीत दोष होते आणि फुजित्सूची माणसे सबपोस्टमास्तरांच्या नकळत शाखेच्या नोंदींत फेरफार करू शकत होती. २०२४ मध्ये तेथील संसदेला खास कायदा करून या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

या प्रकरणातला आणखी एक धडा आपल्यासाठी आहे. या सबपोस्टमास्तरांची एक संघटना होती, पण ती प्रणालीच्या बाजूने उभी राहिली. ही संघटना पोस्ट ऑफिसपासून स्वतंत्र नव्हती, असे याच खटल्यातल्या मार्च २०१९ च्या निकालात न्यायाधीशांनी म्हटले आहे. नोंद मालकाची, नोंदीवरचा पहारा मालकाचा आणि संघटनाही मालकाच्या पैशावरची, मग माणसाने दाद मागायची कोठे?

आता आपल्या देशाकडे पाहू. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशोबासाठी असेच सॉफ्टवेअर वापरावे लागते, ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. हा नियम हिशोबाच्या वह्यांचा आहे, आणि त्या वह्या आठ वर्षे जपाव्या लागतात. म्हणजे भागधारकाच्या पैशाची खाडाखोड होऊ नये याची काळजी सरकारने घेतली. कामगाराच्या घामाचा हिशोब ज्यात असतो त्या हजेरीपटासाठी असा नियम का नाही? श्रम कायद्यांखालच्या नोंदवह्या संगणकावर ठेवण्याची मुभा २०१७ च्या नियमांनी दिली, ५६ नोंदवह्यांच्या ५ केल्या. मालकाची सोय झाली. कामगाराच्या संरक्षणाची बाजू मात्र तशीच राहिली.

मुदतीचा घोळ तर याहून मोठा आहे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे संगणकप्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या वेतन संहितेत मात्र थकीत वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. सातव्या महिन्यात दावा करणाऱ्या कामगारापुढे मस्टर असेल, पण ते कोणी बदलले हे सांगणारी नोंद कदाचित पुसली गेलेली असेल. वेतन दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी संहितेच्या कलम ५९ ने मालकावर टाकली आहे हे खरे. पण मालक पुढे करील तो कागद बदललेल्या नोंदींतूनच छापलेला असेल तर त्या कलमाचा उपयोग किती?

या पहाऱ्याला दुसरी बाजूही आहे, आणि ती लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जो पहारा मस्टरवर बसवता येतो तोच कारकून, ऑपरेटर आणि प्रोग्रामर यांच्या प्रत्येक फाइलवर बसवता येतो. कोणी किती वाजता कोणती फाइल उघडली याची यादी करून आरोपपत्र देणे सोपे झाले आहे. अनेक कार्यालयांत एकाच पासवर्डवर तीन पाळ्या काम करतात. अशा ठिकाणी नोंदीत दिसलेले नाव म्हणजे गुन्हेगार, असे मानणे अन्यायाचे आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणांसाठी कामगाराची माहिती संमतीविना हाताळण्याची मुभा मालकाला ठेवलेली आहे. म्हणून पहाऱ्याला सरसकट विरोध किंवा सरसकट पाठिंबा, दोन्ही चुकीचे. पहाऱ्याची नोंद दोन्ही पक्षांना खुली असली पाहिजे, ही आमची भूमिका आहे.

येत्या मागणीपत्रांत पुढील कलमे घालावीत, असे आम्ही सर्व संलग्न संघटनांना सुचवतो.

एक, हजेरी व पगाराच्या नोंदींवर प्रत्यक्ष वेळेत पहारा असावा आणि त्याची नोंद वेगळ्या यंत्रावर किमान तीन वर्षे राहावी. 

दोन, हजेरीत दुरुस्ती झाली की त्या कामगाराला त्याच दिवशी कारणासह कळवावे. 

तीन, प्रत्येकाचे लॉगिन स्वतंत्र असावे. 

चार, फाइल-पहाऱ्याच्या आधारे आरोपपत्र दिले तर निवडक ओळी नव्हेत, त्या दिवसाची संपूर्ण नोंद कामगाराला मिळावी. 

पाच, दिवसअखेर मस्टरची प्रत काढून तिचा ठसा सूचनाफलकावर लावावा आणि संघटनेला द्यावा.

शेवटची मागणी क्षुल्लक वाटेल. ती तशी नाही. एसएचए-२५६ पद्धतीचा ठसा म्हणजे ६४ अक्षरांची एक ओळ. तिच्यावरून कोणाचीही हजेरी वाचता येत नाही, त्यामुळे गुप्ततेची सबब चालत नाही. पण पुढे मालकाने ‘त्या दिवसाचे मस्टर’ म्हणून फाइल पुढे केली, तर तिचा ठसा त्या ओळीशी जुळतो की नाही हे कोणताही संगणक क्षणात सांगेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली संगणकीय पुराव्याबरोबर जे प्रमाणपत्र द्यावे लागते त्यातही हा ठसा लिहावा लागतो. न्यायालयाला जो चालतो तो आपल्या सूचनाफलकाला का चालू नये?

जुन्या पिढीतले कार्यकर्ते पगाराच्या दिवशी मस्टरची पाने उलटून पाहत. मस्टर पाहण्याचा हक्क त्यांना सहज मिळाला नव्हता. पाने गेली म्हणून तो हक्क जात नाही. उद्यापासून आपल्या प्रत्येक शाखेने रोज संध्याकाळी ती ६४ अक्षरे मागावीत आणि आपल्या वहीत, शाईने, तारीख घालून उतरवून ठेवावीत.