धरण रिकामं होण्यासाठीच असतं

केळझर नाहीतर हरणबारी धरणावर बोटिंग सुरू करा, म्हणजे बागलाणचं महाबळेश्वर होईल, ही मागणी सटाण्यातल्या आमच्या मित्रांच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात येते. धरण भरल्याचा पहिला ड्रोन व्हिडिओ पडला की पाठोपाठ येतेच. मला ती मान्य नाही, कारण मुळात महाबळेश्वरच आपल्याला नीट कळलेलं नाही.

वेण्णा लेक निसर्गाची देणगी नाही. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी तो १८४२ मध्ये बांधून घेतला. आज महाबळेश्वर-पाचगणीला पिण्याचं पाणी तिथून जातं. माथेरानचा शार्लट लेकही पिण्याच्या पाण्यासाठीचाच. लोणावळ्याचं भुशी धरण रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेलं. सगळीकडे आधी तहान होती, फोटो नंतर आले. आपण कणीस खात, घोड्यावर फेरी मारून परततो आणि गावाची पाण्याची टाकी बघून आलो, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

बरं, तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तरीही २००१ साली केंद्र सरकारला महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करावा लागला. आपण तर पर्जन्यछायेतले लोक.

खरा मुद्दा साधा आहे. बोटिंगला भरलेलं पाणी लागतं, शेतीला सोडलेलं. केळझर आरम नदीवर, हरणबारी मोसमवर. आवर्तन सुटलं की पातळी उतरते, काठ उघडा पडतो, बोट गाळात बसते. म्हणजे धरण जेव्हा आपलं काम चोख करतं, तेव्हाच पर्यटनाचा धंदा बसतो. आज ठेका दिला, काठावर रिसॉर्ट उभे राहिले, तर उद्या ‘सीझन संपेपर्यंत पाणी राखा’ असा दबाव येणारच. तेव्हा वाळणारा कांदा आणि बुकिंग झालेल्या खोल्या यांत कुणाचा फोन आधी उचलला जाईल, हे सांगायला इंजिनीअर लागत नाही. आमच्या धंद्यात चालू सर्व्हरवर कुणी गेम टाकत नाही, तो रात्री मोकळा दिसला तरी.

‘पोरांना रोजगार नको का?’ हवाच. त्यासाठी साल्हेर आहे, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, २०२५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात. मुल्हेर आहे. पायथ्याच्या गावांत मुक्काम, घरचं जेवण, वाटाडे यांची नीट सोय करा. किल्ल्याला आवर्तन नसतं. माणसं वाढली म्हणून खालच्या शेताचं पाणी तुटत नाही.

आणि पाण्यातलंच काही दाखवायचं असेल, तर आरम-मोसम-पांझऱ्याच्या खोऱ्यातली फड पद्धत दाखवा. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली शेतांचे फड. कुठल्या फडात कोणतं पीक हे शेतकरी मिळून ठरवत, पाणी पाटकरी वाटत असे. काही शतकं हा व्यवहार इथे चालला. यापेक्षा देखणं इंजिनीअरिंग मी कॉलेजात शिकलो नाही.

धरण बघायला जरूर जा. एकदा मे महिन्यात जा, तळ उघडा पडलेला असताना. तो रिकामा तळ म्हणजे खालच्या गावांनी काढलेलं वर्ष आहे.