पेटी भरण्याआधी

या अंकाची शेवटची पानं सगळ्यांत आधी छापून झाली. त्यांवर पोरांचे फोटो आहेत. गोल चौकटीत पासपोर्ट चेहरा, खाली नाव, गाव आणि गुण. नवोदय, सैनिकी शाळा, शिष्यवृत्ती यांची तयारी करून घेणाऱ्या क्लासेसच्या या जाहिराती. यंदा कृषी केंद्रांनी हात आखडता घेतला, कापडवाले अर्ध्या पानावरून पाव पानावर आले. क्लासवाल्यांनी मात्र रोख पैसे मोजले. म्हणजे हा अंक तुमच्या हातात पडला तो त्या गोल चेहऱ्यांच्या जिवावर. असं असताना त्यांच्याकडं पाठ फिरवून मराठी साहित्याच्या भवितव्यावर चिंतन करणं मला काही जमेना.

दिवाळीच्या आधी जिवतीला गेलो होतो. गडचांदूर सोडलं की गाडी माणिकगडाचा पहाड चढते. वर कापूस, तूर, मध्येच सागाचा पट्टा. मूळचे गोंड, कोलाम, परधान, बहात्तरच्या दुष्काळानं मराठवाड्यातून इकडं ढकललेली कुटुंबं, बंजाऱ्यांचे तांडे. एका एस.टी.त गोंडी, कोलामी, गोरमाटी, तेलुगू आणि नांदेडकडची मराठी एकदम ऐकायला मिळते, असे तालुके महाराष्ट्रात थोडेच.

एका गुड्यावर, म्हणजे पहाडावरच्या वस्तीवर, ओळखीच्या घरी उतरलो. गोंड कुटुंब, चार-पाच एकर शेती, पोरगी पाचवीत. नवोदयची परीक्षा दीड-दोन महिन्यांवर आलेली. गुरुजींनी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स दिली होती, तिच्यावर ती काळ्या पेनानं गोल भरत बसली होती. इतकं दाबून, की कागद उलटा केला तर बोटाला उंचवटे लागावेत. आकृत्यांचे प्रश्न तिनं माझ्याआधी सोडवले. भाषेच्या उताऱ्यात मात्र अडली. समुद्राचा उतारा होता. मला म्हणाली, "भरती म्हणजे पोलीस भरती ना?" मी समुद्राचं पाणी वर चढतं वगैरे सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण पटलेलं दिसलं नाही. घरात गोंडी, शाळेत मराठी, आणि ज्या शाळांसाठी हा खटाटोप त्यांत पुढं इंग्रजी.

बापानं प्लास्टिकची फाइल समोर ठेवली. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, फोटो, आणि नागपूरकडच्या एका खासगी निवासी शाळेचं रंगीत पत्रक. "भाऊ, तुम्ही पुस्तकं छापता. सांगा नं जी, कोणती शाळा बरी?"

चांगल्या घरच्या लोकांना हा प्रश्न शहरात पडतो तेव्हा त्यांच्यापुढं शाळा असतात आणि ते निवडतात. पहाडावर उलटं आहे. इथं शाळा पोर निवडते. बापाच्या हातात उरतं ते कोणत्या रांगेत उभं राहायचं एवढंच.

पहिली रांग नवोदयची, केंद्र सरकारच्या निवासी शाळेची. दोन तास, 80 प्रश्न, 100 गुण, 80 जागा. त्यांतल्या किमान पंचाहत्तर टक्के ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना. संधी आयुष्यात एकदाच. चंद्रपूर जिल्ह्याचं नवोदय नागभीड तालुक्यात तळोधी बाळापूरला. जिवती जिल्ह्याच्या एका टोकाला, तळोधी जवळजवळ दुसऱ्या. आधी राजुरा, मग चंद्रपूर, मूल, सिंदेवाही असं करत बाप भेटायला निघाला की त्याची एक दिवसाची मजुरी गेलीच, बहुधा दोन दिवसांची. गडचिरोलीचं नवोदय चामोर्शी तालुक्यातल्या घोटला आहे, भामरागडच्या माडिया पोराला तेही असंच आडवाटेचं.

या नवोदयची एक गोष्ट मराठी वाचकाला सांगायलाच हवी. ही शाळा ज्या मनुष्यबळ विकास मंत्र्याच्या काळात निघाली ते पी. व्ही. नरसिंह राव, सुरुवातीच्या दोन शाळांतली एक अमरावतीची. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेणारा हा माणूस. उस्मानियात 'वंदे मातरम्'वरून हाकलला गेला, नागपुरात येऊन शिकला. आंध्रात 1971 साली सर्वेल गावी हुशार ग्रामीण मुलांची निवासी शाळा निघाली, त्यामागंही तेच. खेड्यातलं हुशार पोर गरिबीत विझू नये, हा त्यांचा ध्यास खरा होता, आणि नवोदयनं डॉक्टर, इंजिनीअर, अधिकारी दिले हेही खरंच. नववीत काही मुलांना हिंदी मुलखात पाठवतात तेही त्याच काळातल्या राष्ट्रीय एकात्मतेच्या कल्पनेतून आलं. जिवतीची पोर तिथं आणखी एक भाषा शिकून येईल, इतकंच.

दुसरी रांग एकलव्यची, आदिवासी मुलांच्या निवासी शाळेची. राजुरा तालुक्यात देवाड्याला शाळा आहे. तिसरी चंद्रपूर-बल्लारपूर रस्त्यावर भिवकुंडच्या सैनिकी शाळेची. 2019 साली सुरू झाली, इमारत बघत राहावी अशी. आता मुलींनाही घेतात. पण वर्षाचा खर्च लाखाच्या वर, शिष्यवृत्ती मिळाली तर ठीक. बापानं आकडा ऐकला आणि फाइलीचं पान उलटलं.

चौथी रांग नामांकित शाळांची, आणि माझं खरं भांडण तिच्याशी आहे. आदिवासी मुलांना नामवंत इंग्रजी माध्यमाच्या खासगी निवासी शाळांत शिकवायचं, फी आदिवासी विकास विभागानं भरायची, अशी ही योजना. हेतूत खोट काढता येणार नाही. साहेबाचं पोर जिथं शिकतं तिथं कोलामाचंही शिकावं, याला कोण नाही म्हणेल? पण प्रवेश होतो पहिलीत, दुसरीत. सहा वर्षांचं लेकरू! त्या वयात ते हुशार की मठ्ठ हे देवालाही ठाऊक नसतं. ज्याला अजून आंघोळीला आजी लागते त्याची पेटी भरायची. आणि शाळा कोणती, हे ठरवण्यात बापाचा वाटा जवळपास नाहीच. प्रकल्प कार्यालयाची यादी निघते, तीत जे नाव येईल ते.

शेजारच्या गुड्यावरच्या एका पोराची कथा तिथंच ऐकली. दोन वर्षं एका शाळेत होता. मध्येच ती शाळा यादीतून गेली, पोरांना दुसरीकडं हलवलं. बाप जुन्या शाळेच्या फाटकावर फराळाची पिशवी घेऊन उभा, आणि पोरगा तिसऱ्याच जिल्ह्यात. पोरगा आता इंग्रजीत कविता म्हणून दाखवतो, छान म्हणतो. आजीशी बोलताना मात्र बहीण दुभाषी लागते.

सीमेवरच्या वादातल्या गावांत तर पाचवी रांगही आहे. एकाच गावात दोन राज्यांच्या शाळा: एक मराठी, एक तेलुगू. पाचवीसाठी तेलंगणाच्या गुरुकुलांची प्रवेशपरीक्षा होते. त्यात बंजारा पोर पलीकडं अनुसूचित जमातीचं, अलीकडं विमुक्त जातीचं. जात तीच, तांडा तोच, दाखला कोणत्या तहसीलचा त्यावर वसतिगृह ठरतं.

हे सगळं बापाला समजावत असताना मला जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातलं मार्लवाई गाव आठवत होतं. आजची जिवती ज्यात होती तो राजुरा तालुका 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या त्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1940 साली जोडेघाटला गोंडांचा नेता कोमाराम भीम निजामाच्या पोलिसांशी लढताना मारला गेला. गोंड का बिघडले हे शोधायला निजाम सरकारनं फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला पाठवलं. त्यानं जमिनीचं लिहिलंच. शिवाय 1943 साली मार्लवाईत गोंड शिक्षक तयार करायचं केंद्र काढलं. जेमतेम वाचता येणारी गोंड तरुण पोरं धरली, त्यांना शिकवलं आणि परत त्यांच्या मुलखात शिकवायला धाडलं. पाठ्यपुस्तकं गोंडीत, लिपी देवनागरी, कारण पहाडाचा बाजारहाट मराठीशी होता. पुढं आपल्या सेतुमाधवराव पगडींनीही याच मुलखात अधिकारी म्हणून काम केलं, गोंडी-कोलामी शिकून त्यांची व्याकरणं लिहिली. निजामी काळाचे गोडवे गायचं मला कारण नाही. पण तेव्हा हुशार पोराला उचलून त्याचा गुरुजी केला आणि गुड्यावर परत ठेवला. हेमलकशाला 1976 पासून लोकबिरादरीच्या आश्रमशाळेतून शिकलेली माडिया मुलं त्याच मुलखात डॉक्टर, शिक्षक होऊन परतली, तेही शाळा पोरांच्या जंगलातच होती म्हणून.

गुरुजी संध्याकाळी भेटले. क्लासला पैसे नसणाऱ्या पोरांना शाळा सुटल्यावर तासभर जास्त बसवणारा माणूस, त्याचा कुठल्या गोल चौकटीत फोटो नाही. म्हणाले, "नवोदयला एक लागली की शाळेचं नाव होते, अन् पट एकानं कमी होते. पट घसरला की संचमान्यतेत माझंच पद जाते. म्हणजे मी चांगलं शिकवलं तं मलाच नुकसान." आणि हसले. वर्गातली सगळ्यांत चलाख पोर गेली की मागच्या दोघी-तिघींना उत्तर कानात सांगणारं कुणी राहत नाही, हे त्यांनी हसू ओसरल्यावर सांगितलं.

त्यांनीच आणखी एक हिशेब मांडला. पोर घरी राहून सरकारी किंवा अनुदानित शाळेत आठवीपर्यंत गेली आणि एन.एम.एम.एस.ची परीक्षा काढली, तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. नवोदय किंवा दुसऱ्या निवासी शाळेत गेलेल्या मुलांना ही शिष्यवृत्ती नाही. "ज्याची लेक घरी, त्याला हेही सांगा कुणीतरी," ते म्हणाले. या शिष्यवृत्तीची जाहिरात आमच्याकडं आलेली नाही.

मग मी काय सांगितलं? पोरीला ठेवून घे, असं सांगायची माझी छाती नव्हती. माझी स्वतःची दोन्ही पोरं शहरात शिकली आणि त्यांतलं एकही परतलं नाही. म्हणून एवढंच म्हणालो: पहिलीत कुठंच पाठवलं नाहीस ते बरं केलंस. नवोदयची परीक्षा देऊ दे. लागली तर जाऊ दे, दहा-अकराव्या वर्षी पोर आपली बोली घेऊन जाते, ती सहजी पुसली जात नाही. नाही लागली तर देवाड्याच्या एकलव्यचा फॉर्म भर, नागपूरपेक्षा देवाडा बरा, सकाळी निघून रात्री घरी येशील. आणि ते रंगीत पत्रक चुलीत घाल.

बाप काही बोलला नाही. बाहेर ढोल वाजायला लागले होते. पलीकडच्या गुड्याची दंडार आली होती; मोरपिसांचे उंच टोप घातलेले घुसाडी अंगणात शिरले तशी पोरगी पेनाला टोपण न लावताच पळाली. तिची आजी दारात उभी राहून कोण कसं नाचतंय यावर गोंडीत शेरे मारत होती, आणि पोरगी वळून वळून तिला उलट उत्तर देत होती.

मग बापानं विचारलं, "दिवाळीची सुट्टी किती दिवस देतात तिथं?" आणि लगेच, "फोन कधी करू देतात? ताप आला तं रात्री कोण उठते?" मी डायरीत तीन प्रश्न लिहून घेतले. त्याच्या मनातून पत्रक काही जळत नव्हतं, म्हणाला, "या शाळेलाही विचारून पाहा नं जी."

दुसऱ्या दिवशी गडचांदुरात उतरलो, चहाच्या टपरीवरून पत्रकावरचा नंबर लावला. तिकडून एक बाई अगदी गोड बोलल्या. मी पहिला प्रश्न वाचला, सुट्टीचा. त्या म्हणाल्या, "सर, ते नंतर बघू. आधी मुलीची टक्केवारी सांगा."